मस्तकावरून ओळखलेली राणी

ओले प्लास्टर घट्ट होऊ लागले की त्याला ऊब येते. साच्याच्या पाठीवर तळहात ठेवला तर आत कुणाला तरी ताप भरला आहे असे वाटते, आणि तो ताप उतरू लागला की समजावे, आता मूर्ती सुटी करायला हरकत नाही. चौतीस वर्षांपूर्वीच्या वैशाखातल्या एका दुपारी, पेणच्या आमच्या कारखान्यात, पत्र्याखालच्या भट्टीसारख्या उकाड्यात असाच एक उतरू लागलेला ताप मी तळहातांनी जोखला होता. चार फुटी गणपतीच्या साच्याचा वरचा अर्धा भाग मी एका कडेने उचलून धरला होता, आणि पलीकडे बसलेल्या मथुरेने सांध्यात अडकलेला काथ्या सोडवण्यासाठी आपला उजवा हात आत घातला होता. साचा हातून निसटला, असे मी त्या दिवशी सांगितले आणि पुढे चौतीस वर्षे सांगत आलो. तो निसटला नव्हता. मी बोटे उघडली होती.

माझा स्वभाव सौम्य आहे असे लोक म्हणतात. पेणच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो. निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. इतक्या काळात एकाही मुलावर मी आवाज चढवलेला नाही, आणि माझे बोलणे शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नाही ही मुख्याध्यापकांची जुनी तक्रार आहे. हा हळू आवाज मला जन्मतः मिळाला की त्या वैशाखानंतर मी तो थोडा थोडा करून घडवला, हे आता माझे मलाच सांगता यायचे नाही. ज्याला काही झाकून ठेवायचे असते तो मोठ्याने बोलायचे टाळतो. पुढे त्याची सवय होते, आणि सवयीला लोक स्वभाव म्हणू लागतात.

कारखाना वडिलांचा होता. तिथे बिघडलेला माल फोडण्याचे काम माझ्याकडे असे. ओतताना हवेचा बुडबुडा राहिलेला, सोंडेला तडा गेलेला, एक कान अर्धाच उतरलेला असा नग दिवसभर बाजूला काढला जाई, आणि ऊन कलले की मागच्या अंगणात मी लाकडी मोगरीने त्याचा चुरा करी. पहिला घाव मस्तकावर घालायचा, हे मला कुणी शिकवले नव्हते; मस्तक फुटले की उरलेले धड केवळ एक पांढरा दगड होऊन जाते आणि हात मोकळा चालतो. डोळ्यांची आखणी होण्यापूर्वी तो माल आणि आखणी झाल्यावर देव, अशी आमच्याकडे साधी वाटणी होती; आखलेल्या मूर्तीवर मोगरी उगारायला कुणी धजत नसे. त्या आंधळ्या, गुळगुळीत मस्तकांवर एकामागून एक घाव घालताना पापण्यांवर धूळ बसे, जिभेवर खडूची चव येई, आणि काम संपल्यावर मन धुतल्यासारखे हलके होई. त्या हलकेपणाला मी त्या वयात ताकद असे नाव दिले होते.

मथुरा पेणजवळच्या जोहे गावापलीकडच्या, खाडीकाठच्या एका गावातली. तिचे वडील मिठागरावर मजुरीला जात. ती लहानपणापासून जोह्याच्या कारखान्यांतून रंगकामाला बसलेली, आणि विसाव्या वर्षी एसटीने रोज पेणला आमच्याकडे येऊ लागलेली. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट ती मूर्तीच्या सोंडेवर हलकेच टेकवी, श्वास धरी, आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात अशी ओढी की जणू ती रेघ तिथे आधीपासूनच होती आणि हिने फक्त तिच्यावरची धूळ पुसली. मी कलाशिक्षकाची पदविका घेऊन नुकताच परतलो होतो. शरीररचना, प्रमाण, छायाप्रकाश यांचे धडे मला मुखोद्गत होते, पण माझ्या हातून उघडलेले डोळे कुठेच पाहत नसत.

अक्षय्य तृतीयेला आखणीचा कुंचला त्या हंगामाच्या कारागिराच्या हाती द्यायचा, ही वडिलांची रीत होती. त्या वर्षी सगळ्यांसमोर त्यांनी तो मथुरेला दिला, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझा हात जड आहे रे. तू आपला फोडायचंच बघ." लोक हसले. मीही हसलो, पेढेही मीच वाटले. चौथ्या दिवशी मी बोटे उघडली.

तो आवाज मोठा नव्हता. मोगरीच्या पहिल्या घावाला होतो तेवढाही नव्हता. मथुरा ओरडली नाही. तिचे तोंड उघडले आणि तसेच राहिले, आणि सांध्यातून रक्त आले तेव्हा खालच्या ओलसर प्लास्टरने ते टीपकागदासारखे ओढून घेतले, इतक्या वेगाने की एक क्षण मला वाटले काही घडलेच नाही. मग मात्र मी जे केले ते पाहणाऱ्यांच्या कायमचे लक्षात राहिले. चौघांनी उचलायचा तो अर्धा साचा मी एकट्याने उलटा फेकला, तिला उचलले, रस्त्यावर उभ्या असलेल्या टेम्पोत घातले, आणि दवाखान्याच्या दारापर्यंत तिचा चिरडलेला हात माझ्या दोन्ही हातांत धरून बसलो. माझा शर्ट तिच्या रक्ताने छातीला चिकटला होता. हात वाचला. जी दोन बोटे ती सोंडेवर टेकवी, ती मात्र पुन्हा कधी वाकली नाहीत.

आखणीचा कुंचला माझ्याकडे आला. पुढचे नऊ हंगाम मी हजारो डोळे उघडले. वडील गेले, कारखाना मिटला, मी पुरता शिक्षक झालो. मथुरा लग्न होऊन रोह्याच्या बाजूला, कोलाडच्या अलीकडल्या एका गावात गेली, आणि तेव्हापासून दर शिमग्यानंतर, पेणकडे येणाऱ्या कुणा ना कुणाच्या हाती, तिच्या शेतातले पायलीभर कडवे वाल आमच्या घरी येऊ लागले. ज्याने हात वाचवला त्याला पाठवलेले वाल. माझी पत्नी सुमन ते भिजवते, मोड आणते, सोलते, त्यांचे बिरडे करते. मी ते इतकी वर्षे जेवत आलो आहे.

मुंग्यांकडे मी वळलो तो निव्वळ योगायोगाने. गेल्या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी दोन काचांमध्ये माती भरून काळ्या मुंगळ्यांचे वारूळ केले होते. प्रदर्शन संपल्यावर ते प्रयोगशाळेच्या कपाटावर विसरले गेले, आणि मी येता-जाता त्यांना साखरपाण्याचा थेंब घालू लागलो. मुंगळे बोगदे काढत, मेलेल्यांना एका कोपऱ्यात नेऊन रचत, आणि तो कोपरा रोज थोडा वाढे. जीवशास्त्र शिकवणाऱ्या सावंत मॅडम एकदा ते पाहून म्हणाल्या, "सर, कितीही साखर घाला, हे संपणारच. ह्यांच्यात राणी नाहीये. अंडी घालणारं कुणी नाही, तर नवीन जीव येणार कुठून?" दोन महिन्यांत तो कोपरा सगळ्या वारुळाला पुरून उरला. तेव्हा मी ठरवले की एक राणी शोधायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. राणी ओळखायची कशी ते मी मॅडमना विचारले. त्यांनी तासिकेची घंटा होता होता बरेच काही सांगितले. माझ्या ध्यानात राहिले एवढेच, की ती इतरांपेक्षा मोठी असते.

शिमगा होऊन आठवडा झाला होता. सकाळच्या हवेत होळीच्या राखेचा आणि आंब्याच्या उशिरा आलेल्या मोहोराचा मिसळलेला गंध होता, आणि शाळेच्या व्हरांड्यात, रात्रभर चालू राहिलेल्या दिव्याखाली, पारदर्शक पंखांचा सडा पडला होता. पंख टाकून जी निघून गेली होती ती मुंग्यांची उडालेली पिढी होती, एवढे मला कळले. भिंतीच्या कडेने एक काळा जीव घाईने चालत होता: लांबट, पाठीत काहीसा पोक आल्यासारखा जाड, डोके बेताचे. आणि पाण्याच्या टाकीपाशी दुसरा होता, ज्याला पाहताच माझा श्वास अडकला. केवढे ते मस्तक! चकचकीत, रुंद, मध्यभागी किंचित दुभंगलेले, जबड्यांच्या दोन कोयत्यांसह. आमच्या कारखान्यात नग ओळखला जाई तो मुखावरून. वीतभर मूर्ती असो की पुरुषभर, नजर आधी मस्तकावर जायची आणि तिथेच मोल ठरायचे. चाळीस वर्षांची ती नजर एका क्षणात म्हणाली, ही राणी. आणि भिंतीकडेची ती पोक्या पाठीची, ही तिच्यामागून निघालेली कुणी दासी असावी. दोघींनाही मी एकाच डबीत घातले. मॅडम दोन दिवस अलिबागला प्रशिक्षणाला गेल्या होत्या. विचारायला कुणी नव्हते, आणि खरे सांगायचे तर मला विचारायचेही नव्हते.

घरी येऊन मी कित्येक वर्षांनी प्लास्टर कालवले. शाडूचा अंगठ्याएवढा गोळा मध्ये ठेवून भोवती ते ओतले, ऊब चढली, उतरली, गोळा कोरून काढल्यावर आत एक गोल दालन राहिले. त्यावर काच बसवली. चार वाजता, गॅलरीतल्या कलत्या उन्हात, मी राणी आणि दासी आत सोडल्या आणि भिंग घेऊन बसलो.

प्रथम मोठ्या मस्तकवालीने दासीच्या मिशा हुंगल्या. क्षणभर दोघी इतक्या स्तब्ध होत्या की मला वाटले, ओळख पटली. मग ते दोन कोयते मिटले आणि दासीची डावी मिशी मुळापासून तुटून पांढऱ्या जमिनीवर पडली, आणि पडल्यावरही काही वेळ वळवळत राहिली. दासी मागे सरली. तिच्या पाठीशी भिंत होती, मीच ओतलेली. मस्तकवाली तिच्यावर चढली, तिने पोट पुढे वाकवून काहीतरी फवारले, आणि काचेच्या फटीतून इतका तीव्र, आंबूस दर्प आला की माझ्या नाकात झिणझिण्या आल्या. नंतर पुढचा एक पाय गेला. तो तोडायला वेळ लागला. मस्तकवाली दाताखाली धरून मागे ओढी, थांबे, पुन्हा ओढी, आणि त्या थांबण्यात घाई नव्हती, राग नव्हता, केवळ काम होते.

मी ते थांबवू शकलो असतो. काच उचलायला एक बोट पुरे होते. पण माझ्या एका हातात भिंग होते आणि दुसरा हात मांडीवर शांत पडून होता, आणि मी स्वतःला सांगत होतो की हा त्यांचा कायदा आहे, राणीला दासीला शासन करण्याचा अधिकार आहे. हे लिहायला मला लाज वाटते, तरी ते खोडत नाही: मला ते पाहवत होते. नुसते पाहवत नव्हते, मागच्या अंगणातल्या त्या हलकेपणाची एक ओळखीची झुळूक माझ्या छातीतून जात होती.

मग उलटे झाले. दासी, एका मिशीची, पाच पायांची, खाली घरंगळली आणि वरच्या देहाखाली गेली. तिचे जबडे मानेच्या त्या बारीक देठापर्यंत पोहोचले. मी वाकून पाहत होतो, भिंगात ते सारे हाताच्या पंज्याएवढे दिसत होते. देठ तुटला. मस्तकवालीचे धड मस्तकाशिवाय चार पावले चालले, भिंतीवर आदळले, वळले, पुन्हा आदळले. आणि ते मस्तक, ते भव्य, दुभंगलेले मस्तक, पडताना दासीच्या मधल्या पायाला चावले होते. ते तिथेच राहिले. जबडे मिटलेले, डोळे उघडे, देह नसलेले.

माझ्या अंगात जे उसळले ते राग या शब्दात मावणारे नव्हते. माझी राणी मारली गेली होती, तीही एका दासीच्या हातून, जिचे डोके धड मोहरीएवढे नव्हते. मी काच बाजूला फेकली. ती फरशीवर फुटली. मी उजवा अंगठा त्या लंगड्या जिवाच्या वर आणला, इतका जवळ, की तिची उरलेली मिशी माझ्या कातडीला लागली. अंगठ्यात शरीराचे सारे वजन उतरत असल्याचे मला स्पष्ट जाणवत होते. आणि त्याच वेळी दार वाजले, आणि स्वयंपाकघराकडून सुमनने हाक दिली, "अहो, मथुराबाईंचे वाल आलेत. रोह्याचे ते गृहस्थ आलेत, पिशवी घ्या जरा."

मी अंगठा तसाच धरून राहिलो. सुमन बाहेर आली, तिने पिशवी घेतली, त्या माणसाला पाणी दिले. मग फुटलेल्या काचांकडे न पाहता, पिशवीत हात घालून दाणे ओंजळीत घेत ती म्हणाली, "बाई किती माणुसकी राखून आहेत हो. तुम्ही तेव्हा होता म्हणून." मी अंगठा मागे घेतला. त्या जिवाला वाटीखाली झाकून मी आत गेलो आणि हात साबणाने पुन्हा पुन्हा धुतले.

दोन दिवसांनी सावंत मॅडमच्या टेबलावर मी ती वाटी नेऊन ठेवली आणि झालेले सांगितले. अंगठ्याचे सांगितले नाही. त्यांनी भिंगातून पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"सर, ही दासी नव्हे. ही राणी आहे. मेली ती शिपाई होती, दुसऱ्या वारुळातली."

"पण मस्तक तर तिचं," मी म्हटले.

"मस्तक चावण्यासाठी. शिपायाला दुसरं काय लागतं? मी तुम्हाला पाठ बघा म्हटलं होतं. तुम्ही मोठी एवढंच ऐकलंत ना?" त्या हसल्या. "चित्रकलेचे सर तुम्ही, नि बघायचं कसं ते मी शिकवायचं. या, इथे बघा."

मी वाकलो. जिला मी पोक म्हटले होते त्या उंच, भरीव पाठीच्या दोन्ही अंगांना चार सूक्ष्म खाचा होत्या; कडा खरखरीत, जशा एखादा कागद घाईने फाडल्यावर उरतात. तिथे पंख होते, मॅडम सांगत होत्या, आणि आयुष्यात एकदाच उडून झाल्यावर तिने ते स्वतःच मोडून टाकले. आता त्या पाठीतले उडण्याचे मांस विरघळवून ती पहिल्या पिलांना भरवील, कारण पहिली पिले मोठी होईपर्यंत ती स्वतः बाहेर पडणार नाही. ज्याला मी बेढबपणा समजलो होतो ती तिची सारी शिदोरी होती.

"आणि हे?" मी पायाला चावून राहिलेल्या मस्तकाकडे बोट केले. "हे काढता येईल का? चिमट्याने?"

"ओढलंत तर पाय येईल बरोबर." मॅडमनी भिंग ठेवले. "मेलं तरी सोडत नाही ते. राहू दे. चालतेय ना ती घेऊन."

चालत होती. परीक्षानळीत, ओल्या कापसाशेजारी, ती ते आपल्याहून रुंद मस्तक फरफटत होती. चौथ्या दिवशी तिने अंडी घातली, सहा किंवा सात, रव्याच्या दाण्यांसारखी. एका मिशीने ती त्यांना चाचपडे, एकत्र करी, उचलून सुक्या जागी नेई, आणि प्रत्येक खेपेला ते मस्तक मागून घासत जाई. मी भिंगातून त्या उघड्या डोळ्यांकडे पाहत बसे. ते ज्याला चावले होते त्याचे त्या मस्तकाला काहीही ठाऊक असणे शक्य नव्हते. मला मात्र ठाऊक होते की मथुरा त्या दोन सरळ बोटांनी भाकरी थापत असेल, लावणी करत असेल, नातवंडांना न्हाऊ घालत असेल, आणि दर वेळी मधे काहीतरी येत असेल; आणि जे मधे येते ते कुणाचे, हे तिला माहीत नसल्यामुळे त्याचेच ती उपकार मानत असेल.

त्या रविवारी पानात बिरडे आले. कडवटपणा जिभेला लागला आणि घास आत जाईना.

"मीठ राहिलंय का?" सुमनने विचारले.

"नाही," मी म्हणालो. "मला रोह्याला जाऊन यायचंय. आत्ताच."

बारानंतरच्या गाडीत गर्दी नव्हती. कासू गेले, नागोठणे गेले. कापलेल्या भातशेतांत वाल वाळून उभे होते, आणि डोंगरांना कुणीतरी वणवा लावला होता, त्याची काळी धार उतारावरून खाली सरकत होती. मी मनाशी वाक्ये जुळवत होतो. ती चांगली वाक्ये होती. त्यांत 'प्रमाद' होता, 'अनवधान' नव्हते, आणि क्रियापदे कर्त्यापासून फार लांब पडू दिली नव्हती. रोह्याला उतरून मी कोलाडकडे जाणाऱ्या मिनीडोरमध्ये बसलो. कारखान्यांचा उग्र दर्प काही अंतर पाठीशी आला आणि मग तापलेल्या मातीच्या वासात बुडाला. तिने हे ऐकल्यावर माझ्याकडे पुन्हा कधी पाहायचे नाही असे ठरवले, तर? आणि त्याहून मोठे भय: तिच्या आयुष्यातल्या त्या दुपारी एक भला माणूस होता, तो मी आज तिच्याकडून काढून घेणार होतो. हे तिच्यासाठी करतो आहे की माझ्या सुटकेसाठी, याचे उत्तर मला गाडीत सापडले नाही, आणि ते सापडेपर्यंत थांबायचे म्हटले तर आणखी चौतीस वर्षे निघून जातील, हे कळले.

तिच्या अंगणात झोडणी चालू होती. वाळलेल्या वालाच्या वेलांचा ढीग मध्ये, आणि भोवती तीन बायका काठ्यांनी तो बडवत होत्या. काठी पडे, शेंगा तडातड फुटत, दाणे उडून भिंतीला लागत. मथुरा डाव्या हाताने मारत होती. उजवा हात नुसता काठीच्या टोकाला लागलेला, आणि त्याची दोन बोटे कशालाही न धरता सरळ पुढे आलेली. तिचे केस पांढरे झाले होते. अंग मात्र काठीसारखे ताठ.

"दादा? तू कवा आयलास?" काठी न थांबवता ती म्हणाली. "वाल पोचलं ना? बस त्या बाजेवर. गो, पानी आन." मग शेजारच्या बाईला, बहुधा सुनेला, "हा आमचे शेटचा पोरगा. हा व्हता म्हनून माझा हात राह्यला गो. नायतर कापला असता डॉक्टरनी."

"ठाव हाय, आये," सून म्हणाली. "दर शिमग्याला सांगतेस."

"सांगनार. तुज्यासाठी कुनी एवडा साचा उचलला व्हता काय? तुजा नवरा बादली उचलीत नाय."

बायका हसल्या. काठ्या पडत राहिल्या. मी बाजेवर बसलो नाही. तिच्या जवळ जाऊन मी म्हणालो की मला तिच्याशी त्या दिवसाविषयी काही बोलायचे आहे.

"काय बोलतंस? मास्तर झालास नि आवाज गेला काय तुजा? मोठ्यानं बोल."

"जरा थांबतेस का?"

"नाय थांबत. ऊन उतरलं की शेंग फुटत नाय. तू बोल ना, मी आयकतंय."

मी जुळवून आणलेले वाक्य म्हणालो: त्या प्रसंगी जे घडले त्यात अपघात नव्हता, माझा प्रमाद होता. ते काठ्यांखाली चिरडले गेले. तिने कानामागे पदर सारला.

"कसला परमाद? साधं बोल रं दादा. नि मोठ्यानं."

मी आजूबाजूला पाहिले. सून होती, तिसरी एक शेजारीण होती, ओट्यावर तांब्या घेऊन आलेली एक मुलगी होती. इतकी वर्षे जे मी स्वतःशीही कुजबुजलो नव्हतो ते यांच्यापुढे, काठ्यांच्या वर, ओरडून सांगायचे होते. त्याहून खालच्या आवाजात ते पोहोचणार नव्हते, आणि खालचा आवाज म्हणजेच माझे सारे लपणे होते, हे त्या उन्हात मला पहिल्यांदा दिसले. मी छाती भरून श्वास घेतला. जो आवाज निघाला तो माझा आहे हे मला ओळखू आले नाही; तो फाटका होता, आणि त्यात माझ्या शाळेची भाषा नव्हती.

"मथुरे, साचा पडला नाय, मी सोडला. तुझा हात आत हाय हे बघून सोडला." सुनेची काठी थांबली. "बाबांनी आखणी तुला दिली, ते मला सोसलं नाय, म्हणून." शेजारणीची थांबली. मला आवाज खाली आणता आला नाही. मथुरेची काठीही वर गेलेली तशीच राहिली होती, अंगणात कसलाच आवाज उरला नव्हता, आणि मी अजून ओरडतच होतो. "वाचवलं नाय मी तुला. हात मीच मोडला, नि सगळ्यांना खोटं सांगितलं. माझं चुकलं, मथुरे. मी तुझी माफी मागतो."